जिवंत देहातील मेदाचे मोजमाप : प्रयोगशाळेतील उंदीर ते शिरूर परिसरातील माता-बालके – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर ताम्रपट, शिलालेख, बखरी, दप्तरे आणि नाणी येतात. मानवी देह हेही इतिहासाचे एक साधन असू शकते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. दुष्काळ, स्थलांतर, श्रम आणि आहार यांच्या खुणा कागदावर जशा उमटतात तशाच त्या देहातही उमटतात. मात्र त्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्या मोजाव्या लागतात. हे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न विज्ञानाचा असला तरी ते कसे विकसित झाले, कोणावर झाले आणि त्यातून काय हाती लागले, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

प्रस्तुत लेखात देहातील मेद, म्हणजे चरबी, मोजण्याच्या क्ष-किरण पद्धतीचा इतिहास मांडला आहे. ही पद्धत माणसांच्या हाडांसाठी निर्माण झाली, पुढे प्रयोगशाळेतील जिवंत उंदरांसाठी तिची लहान यंत्रे तयार झाली आणि तिच्याच आधारे पुण्यातील संशोधकांनी भारतीय देहाविषयीची एक रूढ समजूत बदलली. या संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा पुणे जिल्ह्यातील शिरूर परिसरातील खेड्यांशी जोडलेला आहे. शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्यांना हा विषय म्हणूनच परका वाटू नये.

एक भाषिक खुलासा प्रथमच करणे आवश्यक आहे. इंग्रजीत माऊस आणि रॅट हे दोन वेगळे प्राणी आहेत. मराठीत बोलताना आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो. या लेखात माऊससाठी ‘उंदीर’ आणि रॅटसाठी ‘मोठा उंदीर’ असे शब्द योजले आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जिवंत प्राण्याच्या देहातील मेद मोजण्याच्या पद्धतींचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) या पद्धतीची विश्वसनीयता इतिहासाच्या साधनचिकित्सेच्या दृष्टीने तपासणे.
३) शिरूर-दौंड परिसराच्या दुष्काळी इतिहासाच्या पार्श्वभूमीवर पुण्यातील संशोधनाचा अर्थ लावणे.

सदर लेख प्रकाशित संशोधन व ज्ञात ऐतिहासिक माहिती यांवर आधारलेला असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

मारून मोजण्याचा काळ

एखाद्या प्राण्याच्या देहात किती चरबी आहे, हे नेमके जाणून घेण्याचा सर्वांत जुना आणि खात्रीचा मार्ग म्हणजे तो प्राणी मारणे. मृत देह वाळवायचा, त्याची पूड करायची आणि ईथरसारख्या द्रावकात चरबी विरघळवून वेगळी काढायची. यासाठी वापरले जाणारे सॉक्सलेट उपकरण फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी तयार केले. रसायनशास्त्राच्या अनेक प्रयोगशाळांत ते आजही आढळते. उंदराच्या देहातील चरबी मोजण्याचा आधार पुढे दीर्घकाळ हेच उपकरण राहिले.

या पद्धतीत अचूकता होती, पण एक मूलभूत उणीवही होती. एकच प्राणी दोनदा मोजता येत नसे. महिनाभर विशिष्ट आहार दिल्यावर उंदराची चरबी किती वाढली, हे पाहायचे तर आरंभी काही उंदीर मारावे लागत आणि शेवटी दुसरे काही. म्हणजे बदल एका देहातला नसे, तो दोन गटांच्या सरासरीतला असे. इतिहासकाराच्या भाषेत सांगायचे तर एका गावाचे १८७० चे दप्तर आणि दुसऱ्या गावाचे १८८० चे दप्तर ताडून पाहण्यासारखाच हा प्रकार होता. त्यातून अंदाज मिळतो. एका गावाची दहा वर्षांची वाटचाल मात्र कळत नाही.

लठ्ठपणाच्या अभ्यासात उंदराला महत्त्व आले ते एका योगायोगाने. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत अतिशय लठ्ठ होणाऱ्या उंदरांचा एक आनुवंशिक प्रकार आढळला आणि १९५० मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. या उंदरात नेमकी कशाची उणीव आहे, याचा उलगडा १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि मेंदूला भुकेबाबत संदेश देणारे लेप्टिन हे संप्रेरक त्यातून ज्ञात झाले. चरबी म्हणजे केवळ साठवणीचे कोठार नसून ती देहाशी ‘बोलणारी’ ऊती आहे, हे यामुळे स्पष्ट झाले. साहजिकच जिवंत उंदरातील चरबी वारंवार मोजण्याची गरज वाढली.

माणसाच्या बाबतीत मारून मोजण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे अप्रत्यक्ष उपाय शोधले गेले. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वजन आणि उंचीचा वर्ग यांचे गुणोत्तर मांडले. अ‍ॅन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये त्यालाच देहभार निर्देशांक असे नाव दिले. ‘बीएमआय’ म्हणून तो आज घरोघरी परिचित आहे. या निर्देशांकाचा दोष तो रूढ होण्यापूर्वीच एका अर्थाने दिसून आला होता. अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ मध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंचे पाण्याखाली वजन करून त्यांच्या देहाची घनता काढली. वजनाच्या तक्त्यांनुसार त्यांतील अनेक जण ‘अतिवजनी’ ठरत होते; प्रत्यक्षात त्यांचे वजन स्नायूंचे होते. वजन म्हणजे मेद नव्हे, हा धडा तेथे प्रथम ठळकपणे मिळाला. वजन कमी म्हणजे मेद कमी असेही नव्हे, हा त्याचा उलटा धडा मिळायला मात्र आणखी सहा दशके लागली आणि तो पुण्यातून मिळाला.

दोन क्ष-किरणांची युक्ती

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. हाड किरणांना अधिक अडवते आणि मांस कमी, या साध्या फरकावर क्ष-किरणांचे छायाचित्र उभे असते. परंतु मेद आणि स्नायू यांतील फरक त्यात स्पष्ट होत नाही. शिवाय जाड पण विरळ वस्तू आणि पातळ पण दाट वस्तू यांची सावली सारखीच पडू शकते.

यावर काढलेली युक्ती म्हणजे एकाच जागेतून दोन भिन्न ऊर्जांचे किरण सोडणे. कमी ऊर्जेचे किरण हाडात खूप अडतात, मऊ ऊतींत त्या मानाने कमी. अधिक ऊर्जेच्या किरणांत हा फरक घटतो. प्रत्येक पदार्थासाठी या दोन अडवणुकींचे गुणोत्तर ठरावीक असते. मेदाचे वेगळे, स्नायूंचे वेगळे, हाडाचे वेगळे. दोन मोजमापे हाती असली की दोन अज्ञात राशी सोडवता येतात, हे शालेय बीजगणितातील एकसामयिक समीकरणांचेच तत्त्व येथे लागू होते.

या मार्गाची सुरुवात विस्कॉन्सिन विद्यापीठातील जॉन कॅमेरॉन व जेम्स सोरेन्सन यांनी १९६३ मध्ये केली. त्यांनी किरणोत्सारी पदार्थातून निघणाऱ्या एकाच ऊर्जेच्या किरणांनी हाडातील खनिज मोजले. पुढे दोन ऊर्जा आल्या, नंतर किरणोत्सारी पदार्थाची जागा क्ष-किरण नळीने घेतली आणि १९८७ च्या सुमारास या पद्धतीची व्यापारी यंत्रे बाजारात आली. हीच आजची डेक्सा तपासणी. वृद्ध स्त्रियांच्या हाडांची झीज ओळखणे हा तिचा मूळ हेतू होता. रिचर्ड मॅझेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये संपूर्ण देहातील हाड, मेद आणि मेदविरहित ऊती यांचे मापन या पद्धतीने करून दाखविले. त्यासाठी लागणारी किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असते.

उंदरांसाठी यंत्र आणि साधनचिकित्सा

माणसासाठी बनविलेले यंत्र वीस-तीस ग्रॅम वजनाच्या उंदराला उपयोगी पडत नाही. उंदराची हाडे सुईसारखी बारीक असतात आणि एकूण चरबी काही ग्रॅम इतकीच. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस उंदरांसाठी स्वतंत्र लहान डेक्सा यंत्रे तयार झाली. त्यांपैकी पिक्सिमस हे यंत्र विशेष प्रसिद्ध झाले. भूल दिलेला उंदीर एका छोट्या तबकावर पालथा ठेवला जातो, काही मिनिटांत त्याची प्रतिमा तयार होते आणि भूल उतरल्यावर उंदीर पुन्हा पिंजऱ्यात फिरू लागतो. प्रतिमेतील प्रत्येक बिंदू ०.१८ मिलिमीटर लांबी-रुंदीचा असतो. तोच उंदीर पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजता येतो. एकाच देहाची बखर लिहिण्याची सोय यामुळे झाली.

परंतु या साधनावर विश्वास कितपत ठेवावा? इतिहासाचा अभ्यासक कोणतेही साधन स्वीकारण्यापूर्वी त्याची बाह्य आणि अंतर्गत चिकित्सा करतो. टिम नॅगी आणि अ‍ॅन-लुईस क्लेअर यांनी २००० मध्ये नेमके हेच केले. त्यांनी उंदरांना प्रथम यंत्राने मोजले आणि नंतर त्याच उंदरांच्या देहांचे रासायनिक पृथक्करण केले. दोन्ही आकड्यांचा परस्परसंबंध अत्यंत घनिष्ठ आढळला; ज्या उंदरात चरबी अधिक, त्यात यंत्रही अधिक दाखवीत होते. मात्र यंत्र चरबीचा आकडा प्रत्यक्षाहून जास्त सांगत होते. त्यामुळे सुधारणेचे समीकरण वापरल्याशिवाय तो आकडा जसाच्या तसा घेणे योग्य नव्हते.

हे का घडते, ते समजून घेणे उद्बोधक आहे. डेक्सा यंत्र चरबी प्रत्यक्ष ‘पाहत’ नाही. ते किरणांची अडवणूक मोजते आणि त्यावरून चरबीचे अनुमान काढते. जेथे हाड असते तेथे दोन समीकरणांतून हाड व मऊ ऊती एवढ्याच दोन राशी सुटतात. त्या मऊ ऊतीतील मेदाचे प्रमाण शेजारच्या हाडविरहित भागावरून गृहीत धरावे लागते. देहातील पाण्याचे प्रमाणही साधारण स्थिर आहे असे मानावे लागते. शिवाय प्रतिमा सपाट असल्याने त्वचेखालची चरबी कोणती आणि पोटातील अवयवांभोवतीची कोणती, हे तिच्यात सरळ वेगळे होत नाही. त्यासाठी एमआरआय किंवा सूक्ष्म सीटी स्कॅन यांची जोड लागते. बखरकाराचा पूर्वग्रह ओळखून बखर वापरावी, तसे यंत्राचे गृहीतक ओळखून त्याचा आकडा वापरावा, असे यावरून म्हणता येते.

या बदलाला नैतिक बाजूही होती. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांसाठी पर्याय शोधणे, संख्या घटविणे व वेदना कमी करणे ही तीन तत्त्वे मांडली होती. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील १९९८ चे प्रयोगविषयक नियम यांनी प्रयोगांवर देखरेख आणली. जिवंत उंदीर पुन्हा पुन्हा मोजता आला की प्रत्येक टप्प्यावर नवे उंदीर मारण्याची गरज उरत नाही आणि एकूण संख्या घटते.

शिरूर आणि दौंड : अवर्षणाचा प्रदेश

आता प्रयोगशाळेतून बाहेर पडून आपल्या प्रदेशाकडे वळू. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांचा आधार असूनही नदीकाठ सोडला की जमीन कोरडवाहू. ज्वारी-बाजरी हाच येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार. १८७५ मध्ये सावकारांविरुद्धचा दख्खनचा उठाव पुणे जिल्ह्यात याच पट्ट्यात पेटला. त्याची ठिणगी १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे पडली. ते गाव आज बारामती तालुक्यात आहे. शिरूरच्या भागातही त्याचे लोण पोहोचले.

पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. दुष्काळी कामांवरील धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोख रक्कम पुरेशी आहे, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविले. एक पौंड धान्य म्हणजे साधारण १,५०० ते १,६०० किलोकॅलरी. खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या मजुरासाठी हा शिधा उपासमारीचाच होता. पुणे सार्वजनिक सभेने या धोरणाविरुद्ध सरकारकडे सातत्याने लिहिले. शतकाच्या अखेरीस १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन मोठे दुष्काळ पडले. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे हा अनुभव गावोगावी आला. त्या पिढीतील माणसे आजही घराघरांत आहेत आणि त्यांच्या आठवणी मौखिक इतिहासाचे मोलाचे साधन आहेत.

यानंतरचे चित्र वेगाने पालटले. घोड धरण, कालवे, ऊस, साखर कारखाने, रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती यांनी दोन-तीन पिढ्यांत जीवनमान बदलले. पायी चालणारा शेतकरी दुचाकीवर आला. अंगमेहनत घटली आणि ताटातला उष्मांक वाढला. प्रश्न असा की, शेकडो वर्षे कमतरतेशी जुळवून घेतलेला देह या बदलाला कसा सामोरा गेला?

वढूचे केंद्र आणि सहा गावे

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास याच परिसरात झाला, ही आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संचालिका डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातीलच स्त्री-पुरुषांना आरोग्यसेवक म्हणून तयार करणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. डॉ. कोयाजी यांना १९९३ मध्ये लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेड्यांशी जुळलेल्या अशा नात्याशिवाय पुढील दीर्घकालीन अभ्यास शक्य झाला नसता.

केईएम रुग्णालय संशोधन केंद्राच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आदी सहकाऱ्यांसह १९९० च्या दशकात पुणे मातृपोषण अभ्यास हाती घेतला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीपासून ठेवण्यात आली. साऊदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी निकोलस हेल्स यांच्यासह १९९२ मध्ये असे मांडले होते की, गर्भात कुपोषण झालेल्या बालकाला मोठेपणी मधुमेहाचा धोका अधिक असतो. या विचाराची तपासणी ग्रामीण भारतात करावयाची होती.

या अभ्यासातील गर्भवती स्त्रियांचा आहार अठराव्या आठवड्यात सरासरी सुमारे १,८०० किलोकॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने इतका होता. शेतात राबणाऱ्या गर्भवतीसाठी तो अपुराच होता. येथे एक अनपेक्षित गोष्ट आढळली. बाळाच्या आकाराचा संबंध एकूण उष्मांकापेक्षा आईच्या आहारातील हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी अधिक होता. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा निष्कर्ष २००३ मध्ये आला आणि तो अधिक धक्कादायक होता. ग्रामीण पुण्यातील ६३१ नवजात बालकांची तुलना साऊदॅम्प्टनमधील ३३८ बालकांशी करण्यात आली. येथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तेथील ३.५ किलो. लांबी, डोके, दंड, पोट यांचे घेर येथे बरेच कमी होते. मात्र पाठीवरील त्वचेच्या घडीची जाडी, म्हणजेच त्वचेखालील मेद, त्या प्रमाणात कमी नव्हता. स्नायू आणि पोटातील अवयव यांची वाढ खुंटली होती, चरबी मात्र टिकून राहिली होती. या बालकांना संशोधकांनी ‘थिन-फॅट’ म्हटले. मराठीत त्यांना ‘कृश-मेदी’ म्हणता येईल. पुढे २००९ मध्ये पुणे आणि लंडन येथील नवजात बालकांच्या एमआरआय तपासणीतूनही भारतीय बालकांच्या पोटात मेद अधिक असल्याचे आढळले. स्वतंत्र साधनाने पहिल्या साधनाला पुष्टी देणे, हे इतिहासलेखनातील प्रमाणही येथे पूर्ण झाले.

ही मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या देहातील मेद डेक्सा यंत्राने मोजण्यात आला. अमेरिकेतील प्रयोगशाळांत उंदरांवर वापरले जाणारे तत्त्व येथे आपल्या खेड्यांतील मुलांच्या बाबतीत उपयोगी आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गरोदरपणी सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. ज्या मातांमध्ये फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत मेद अधिक होता. ज्यांच्यात फोलेट अधिक पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. ब-१२ केवळ दूध, अंडी, मांस, मासे अशा प्राणिज अन्नातून मिळते. भाकरी-भाजी-आमटी हा आहार पोट भरतो, पण ही एक उणीव भरून काढत नाही.

याच मुलांची अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा सुमारे ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत रक्तशर्करेचे संतुलन बिघडलेले आढळले. यांतील बहुतेक जण लठ्ठ नव्हते, सडपातळच होते. आपल्या वर्गात समोर बसणारे विद्यार्थी याच वयाचे असतात, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी.

दोन संशोधक, एक निर्देशांक

या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा म्हणजे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले एक पान. त्यावर डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन एस. युडकिन यांची छायाचित्रे शेजारी-शेजारी आहेत. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता. कोणत्याही तक्त्याप्रमाणे दोघेही निरोगी वजनाचे. डेक्सा तपासणीत मात्र युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के मेद आढळला. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘वाय-वाय विरोधाभास’ हे नाव मिळाले. साखरेच्या दुष्परिणामांवर लिहिणारे जॉन युडकिन हे वेगळे. त्यांचे निधन १९९५ मध्ये झाले होते. नामसाधर्म्यामुळे होणारा हा घोटाळा टाळावा.

संशोधकाने स्वतःचा देहच पुरावा म्हणून मांडावा, याला काही मोल आहे. अर्थात दोन व्यक्तींवरून दोन समाजांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी सहा खेड्यांतील बालकांचा पुरावा आवश्यक होता. पण वजनकाट्याला जे दिसत नाही ते दाखवून देण्याचे काम त्या एका पानाने केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे निर्देशांकाचे अतिरिक्त सावधगिरीचे टप्पे सुचविले.

पन्नास पिढ्यांचे मोठे उंदीर

माणसाच्या अनेक पिढ्यांवर उपासमारीचा परिणाम पाहणारा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. येथे पुन्हा प्रयोगशाळेतील प्राणी उपयोगी आले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पूर्वी काम केलेले आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. याज्ञिक आणि सहकारी यांनी २०१५ मध्ये विस्टार जातीच्या मोठ्या उंदरांवरील एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या उंदरांना सलग पन्नास पिढ्या अपुरा आहार मिळाला होता. त्यांची पिल्ले कमी वजनाची जन्मत. डेक्सा आणि एमआरआय यांनी मोजले असता त्यांच्या पोटात चरबी अधिक आढळली. त्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त व ब-१२ कमी होते आणि रसायनाद्वारे मधुमेह घडविण्याच्या प्रयोगात ते नेहमीच्या उंदरांपेक्षा आठपट अधिक सहज बळी पडले.

खरा बोध पुढे आहे. या उंदरांना नंतर दोन पिढ्या पोटभर सकस खाद्य दिले गेले, तरी हे दोष गेले नाहीत. इन्सुलिनच्या जनुकावरील रासायनिक खुणाही पुसल्या गेल्या नाहीत. जनुकाची अक्षरे तीच, पण त्यांवरील खुणा वेगळ्या. हस्तलिखिताच्या समासात पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या गेलेल्या टिपांसारखा हा प्रकार म्हणता येईल.

शिरूर आणि दौंडच्या संदर्भात येथे एक मोह टाळला पाहिजे. ‘१८७६ चा दुष्काळ पडला म्हणून आज मधुमेह झाला’, असे सरळ समीकरण या प्रयोगातून सिद्ध होत नाही. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर पन्नास पिढ्या म्हणजे साडेबाराशे वर्षे. एवढ्या काळात कोणताही मानवसमूह एकसारखा उपाशी राहिलेला नाही. उंदीर एका खोलीत, एका आहारावर वाढतो. माणूस स्थलांतर करतो, लग्नसंबंध जोडतो, आहार बदलतो. प्रयोग एक शक्यता दाखवितो, इतिहास ती तपासण्याची जागा पुरवितो. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची तूट केवळ एक-दोन पिढ्यांच्या सुबत्तेने भरून निघेलच, असे गृहीत धरता येत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचे सांगतात. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये स्वतंत्र स्थान दिले होते, ते १९९९ मध्ये काढून टाकले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला ‘पाचवा प्रकार’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. वर्गीकरणाचाही इतिहास असतो आणि त्यात कोणाचा देह मोजला गेला याला महत्त्व असते.

निष्कर्ष

१) मेदमापनाचा इतिहास हा देह नष्ट करून मोजण्यापासून देह जिवंत ठेवून मोजण्याकडे झालेला प्रवास आहे. त्यामुळे एकाच प्राण्याचा काळाच्या ओघातील अभ्यास शक्य झाला आणि प्राण्यांची हानी घटली.

२) डेक्सा हे साधन उपयुक्त आहे, पण ते अनुमानावर आधारलेले आहे. उंदरांच्या बाबतीत त्याचा आकडा सुधारून घ्यावा लागतो, हे २००० मधील अभ्यासाने दाखविले. कोणतेही साधन चिकित्सेशिवाय स्वीकारू नये, हा इतिहासाचा नियम येथेही लागू पडतो.

३) आपल्याकडे ‘काटक’ या शब्दात कृशता आणि निरोगीपणा एकत्र गुंफलेले आहेत. पुण्याजवळच्या सहा गावांतील अभ्यासाने ही गाठ सोडविली. कृश देह मेदविरहित असतोच असे नाही.

४) महाविद्यालयीन आरोग्य तपासणीत बहुधा वजन आणि उंची एवढीच नोंद होते आणि सडपातळ विद्यार्थी ‘उत्तम’ म्हणून बाजूला काढला जातो. डेक्सा यंत्र प्रत्येक तालुक्यात येणे शक्य नाही. परंतु कमरेचा घेर मोजण्यास एक साधी टेप पुरते. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते. त्या जोडीला रक्तशर्करा आणि विशेषतः विद्यार्थिनींची ब-१२ तपासणी झाली, तर पुढील पिढीच्या आरोग्याचा विचार वेळेवर करता येईल. पुणे अभ्यासातील किशोरवयीन पिढीला रोज केवळ २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला, तो याच विचाराने.

शेवटी एका ऋणाचा उल्लेख करणे उचित ठरेल. प्रयोगशाळेतील उंदराला विचारून प्रयोग होत नाही. या खेड्यांतील स्त्रियांनी मात्र स्वतःच्या संमतीने, शेतीची कामे सांभाळून, वर्षानुवर्षे आपली आणि आपल्या मुलांची मोजमापे दिली. जगभरातील वैद्यकीय विद्यार्थी आज ‘थिन-फॅट इंडियन’ ही संकल्पना शिकतात. तिच्या मुळाशी असलेल्या या मातांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. त्यांच्या आठवणी, त्यांचा त्या काळचा आहार, त्यांनी भोगलेली १९७२ ची टंचाई यांचे मौखिक इतिहासाच्या रूपाने संकलन करणे, हे शिरूर आणि दौंड येथील महाविद्यालयांतील इतिहास व गृहविज्ञान विभागांना सहज शक्य आहे. यंत्राने त्यांच्या मुलांच्या देहातील मेद मोजला. त्या देहामागचा इतिहास नोंदविण्याचे काम अद्याप आपल्याकडे बाकी आहे.